बोयावरून बर्थमध्ये

१४ जानेवारी, बोळगाट्टी, कोची

सकाळी दहाच्या सुमारास बोट बर्थमध्ये, म्हणजे धक्क्यालगतच्या तिच्या जागेत, बांधली. तळहात दोराने अजून चुरचुरतायत, तोवरच लिहून ठेवते.

मुंबईहून सहाशेच्या आसपास सागरी मैल आलो, पण मला धास्ती होती ती शेवटच्या पन्नास मीटरची. बाबांची बोट तीस वर्षं गेटवेसमोर बोयालाच, म्हणजे तळाशी जखडलेल्या तरंगत्या खुणेला बांधलेली. तिथे उधाणाला पाणी पाचेक मीटर चढतं-उतरतं. प्रवाहाला नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, करायची, वेग मरू द्यायचा, आकडीने बोयाचा दोर उचलायचा. हुकला तर वळसा घालून पुन्हा यायचं, भोवती मोकळं पाणी असतं. मी बोट चालवायला तिथेच शिकले. बर्थमध्ये डावीकडे तरता धक्का, उजवीकडे कुणाचं तरी कॅटामरान (दोन जोड-सांगाड्यांची बोट) आणि समोर लाकडी वाट. बोटीला ब्रेक नसतो. पाच टन वजन असतं.

कोचीत भरती-ओहोटीतला फरक जेमतेम मीटरभर, म्हणून प्रवाहही बेताचाच असेल असं मी धरलं होतं. ते चुकलं. वेंबनाड सरोवराचं एवढं पसरलेलं पाणी फोर्ट कोचीच्या अरुंद मुखातून बाहेर पडतं, उंची कमी असली तरी ओढ दांडगी. मतलई, म्हणजे जमिनीकडून येणारा वारा, पडला होता, पाणी आरशासारखं दिसत होतं. वळले, वेग कमी केला आणि नाळ उजवीकडे सरकायला लागली. सुकाणू पूर्ण डावीकडे दिलं तरी काही नाही. सुकाणूवरून पाणी वाहिलं तरच ते ऐकतं, आणि मी तर वेग मारून बसले होते. कॅटामरान दोन हातांवर आलं.

"मागे घे! आत्ता!" बाबा नाळेवरून ओरडले.

रिव्हर्स टाकला. आमचा पंखा उलटा फिरला की बोटीची मागची बाजू डावीकडे ओढली जाते, ते ठाऊक होतं म्हणून तेवढी जागा सोडून बाहेर निघाले. खाडीत एक मोठा फेरा मारला. बाबा मागे आले. रागावले नाहीत. "बोयावर काय करतेस? आधी पाणी कुठे चाललंय ते बघतेस ना? धक्क्याचे खांब बघ."

खांबांशी प्रवाहाने पाण्याला मिशा फुटल्या होत्या. पहिल्या वेळी माझी नजर फक्त रिकाम्या जागेवर होती.

दुसऱ्यांदा नाळ बर्थवर धरलीच नाही. प्रवाहाच्या वरच्या अंगाला, धक्क्याच्या टोकाच्याही डावीकडे रोख ठेवला आणि इंजिन बंद न करता तिरकी सरकत आले. बोटीच्या मध्यावरून एक दोर तयार ठेवला होता. धक्क्यावरच्या चेट्टनने (इथे दादाला असं म्हणतात) तो पकडून टोकाच्या क्लीटला, दोर अडकवायच्या खुंटीला, दोन वेढे दिले. दोर ताणला, मी इंजिन मंद पुढे ठेवून सुकाणू धक्क्यापासून उलटं फिरवलं, तशी अख्खी बोट फेंडर, म्हणजे बाजूला लटकवलेल्या मऊ गाद्या, दाबत धक्क्याला येऊन टेकली. त्या एका दोरावर ती उभी राहिली. बाकीचे दोर मग निवांत बांधले. चेट्टनला तिळाची वडी दिली, संक्रांत आहे.

आता रात्रीचे अकरा. बोयावर भरती लागली की बोट आपोआप वळते, झोपेतसुद्धा ते अंगाला कळतं. इथे पाणी मघाशीच फिरलं. बोट जागची हलली नाही, फक्त दोर एकदा करकरले. बाबा दुसऱ्यांदा उठून ते बघायला वर गेलेत.