तुम्ही विचारलंत म्हणून: मी तो पत्ता का सोडला

"दुकान तेच, माणूस तोच, मग वेबसाइटचे नाव का बदललेत?" हा प्रश्न मला गेली तीन वर्षे विचारला जातो आहे. जुना पत्ता उघडत नाही म्हणून फोन करणारी गिऱ्हाइके विचारतात, सुटे भाग पुरवणारे विचारतात, आणि धंद्यातले मित्र त्याला आणखी एक जोड देतात: "एका नोटिशीला घाबरलास? चोरी तर केली नव्हतीस ना?" प्रत्येक वेळी मी अर्धेच उत्तर देत आलो. आज पूर्ण देतो.

चोरी केली नव्हती, हे प्रथम सांगतो. मी बावीस वर्षे सांगलीत शिलाई मशीन दुरुस्त करतो आणि ज्या कंपनीचे नाव त्या पत्त्यात होते, तिचीच मशीन माझ्याकडे सर्वांत जास्त येतात. आधी कंपनीचे नाव, मग 'सर्व्हिस', मग 'सांगली' आणि शेवटी डॉट इन, असा तो पत्ता होता. तो घेताना मला कोणी अडवले नाही, कारण डोमेन विकणारा फक्त नाव मोकळे आहे का एवढेच पाहतो. ते कोणाचे नोंदणीकृत व्यापारचिन्ह आहे का, हे पाहण्याचे त्याला कारण नसते. पानाच्या तळाशी मी स्वतःहून लिहिले होते की हे कंपनीचे अधिकृत केंद्र नाही. ते नाव पुढे कंपनीलाच चढ्या भावाने विकावे असा विचार माझ्या मनाला शिवलाही नव्हता, आणि नोटिशीत मला त्याच रांगेत बसवले होते, याचा राग मला अजून आहे.

नोटीस ईमेलने आली. डोमेन आमच्या नावावर करून द्या, अन्यथा डॉट इनच्या वादांसाठी निक्सीकडे, म्हणजे डॉट इन नावांचा कारभार पाहणाऱ्या संस्थेकडे, जी लवादाची व्यवस्था आहे तिथे आम्ही तक्रार करू, असा तिचा आशय होता. माझे वकील लढायला तयार होते. दुरुस्ती करणाऱ्याने आपण काय दुरुस्त करतो हे सांगायचे नाही तर काय करायचे, हा त्यांचा मुद्दा मला तेव्हाही पटला होता आणि आजही पटतो. व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ याच्या कलम ३० मध्ये प्रामाणिक वापराला जागा ठेवलेली आहे. २००१ साली जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या पॅनेलने ओकी डेटा या प्रिंटर कंपनीची तक्रार फेटाळली होती. 'ओकीडेटापार्ट्स डॉट कॉम' हा पत्ता तिच्याच एका विक्रेत्याने घेतला होता. तो अधिकृत विक्रेता होता, मी नव्हतो, हे खरे. परंतु २०१० साली अमेरिकेतल्या अपील न्यायालयाने लेक्सस गाड्यांची दलाली करणाऱ्या, कोणताही अधिकृत परवाना नसलेल्या एका जोडप्याची बाजूही बऱ्याच अंशी उचलून धरली होती. त्यांच्या पत्त्यात 'बाय-अ-लेक्सस' असे शब्द होते. मी हा निकाल वकिलांना उत्साहाने वाचून दाखवला.

त्याच निकालात पुढे एक वाक्य आहे, ते मात्र मी वाचून दाखवले नाही. व्यापारचिन्हाला नुसते गावाचे नाव जोडले, उदाहरणार्थ 'अमुक ऑफ ग्लेंडेल', तर तो पत्ता मालकाचाच किंवा त्याच्या संमतीचा आहे असे लोक सामान्यतः समजतात, असे न्यायालय म्हणते. ग्लेंडेलच्या जागी सांगली घातली की माझा पत्ता होतो. मधे 'सर्व्हिस' हा शब्द होता, अशी मी स्वतःची समजूत घातली. पण कंपनीचे सर्व्हिस सेंटरही नेमके तसेच नाव घेईल, हे मला कळत होते.

वकिलांना मी आणखी एक गोष्ट सांगितली नव्हती. खरे उत्तर त्या गोष्टीत आहे.

नोटिशीच्या आदल्या वर्षी, एप्रिलमध्ये, जतहून एक बाई एसटीने आल्या. मशीनचे हेड त्यांनी पोत्यात घालून, वर सुतळीने बांधून आणले होते. टाके सुटत होते. मी हेड आडवे करून शटल काढले, तर त्याच्या टोकाला नखाला लागेल एवढी बारीक खाच पडली होती आणि दोरा तिथे अडकत होता. शटल बदलले. मोटर आवाज करत होती म्हणून तीही उघडून साफ केली आणि कार्बन बदलले. तीनशे पन्नास रुपये झाले. त्यांनी पिशवीतून पैशांबरोबर एक कार्ड काढून काउंटरवर ठेवले आणि म्हणाल्या, "दादा, यावर शिक्का मारा."

ते वॉरंटी कार्ड होते. मशीन घेऊन सातच महिने झाले होते.

मी म्हणालो, "ताई, हे कंपनीचे सेंटर नाही." त्यांनी काही न बोलता फोन माझ्यापुढे धरला. भाच्याने शोधून दिलेली यादी अजून तशीच उघडी होती. पहिल्या ओळीत माझा पत्ता, कंपनीच्या नावासकट, आणि त्याखाली फोनचे बटण. त्यांनी ते बटण दाबून मला फोन केला होता, मी "हो, या घेऊन" म्हणालो होतो, आणि त्या आल्या होत्या. माझे पान त्यांनी उघडलेच नव्हते. पानाच्या तळाशी मी जे प्रामाणिकपणे लिहून ठेवले होते, तिथपर्यंत पोहोचण्याची त्यांना गरजच पडली नव्हती.

जूनच्या तोंडावर त्यांची मोटर जळाली. त्यांच्या बचत गटाकडे शाळेच्या गणवेशांचे काम आलेले होते. अधिकृत केंद्राने मोटरचे स्क्रू पाहिले, बाहेर उघडलेली आहे असे सांगितले आणि वॉरंटी नाकारली. त्या भांडायला आल्या नाहीत. पुन्हा तेच पोते घेऊन आल्या आणि एवढेच विचारले, "आता कुठे नेऊ?" मी माझ्या खर्चाने नवी मोटर बसवून दिली, पण ती मिळवण्यात चार दिवस गेले आणि त्यांच्या वाट्याचे गणवेश तोवर दुसऱ्या बाईकडे गेले होते.

मी कार्ड आधी मागायला हवे होते. तो कारागीर म्हणून माझा दोष, पत्त्याचा नव्हे, असे मी कितीतरी दिवस स्वतःला सांगत होतो. त्यात तथ्य आहे. पण पत्त्यात ते नाव नसते तर त्या माझ्याकडे आल्या असत्या का, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. नोटीस आली तेव्हा मला कंपनीचे वकील दिसले नाहीत, तो पुढे धरलेला फोन दिसला.

म्हणून मी सही केली. लढलो असतो तर कदाचित हरलोही असतो: डॉट कॉमच्या धोरणात नाव वाईट हेतूने नोंदवले 'आणि' वापरले, हे दोन्ही सिद्ध करावे लागते, तर डॉट इनच्या धोरणात तिथे 'किंवा' हा शब्द आहे. पण मी हरण्याच्या भीतीने सोडले, असे कोणी म्हणू नये. आणि माझा हेतू वाईट होता, हेही मी आजतागायत मान्य केलेले नाही.

त्या नोटिशीत गिऱ्हाइकांची दिशाभूल होते असे दोनदा लिहिले होते. डोमेन कंपनीकडे गेले त्याला तीन वर्षे झाली. मी अधूनमधून तो पत्ता टाकून पाहतो. तिथे पान नाही, सांगलीतल्या केंद्राचा फोन नाही, काहीच उघडत नाही. जतहून कोणी आज शोधले तर त्यांना कुठे नेऊन सोडतात, हे मला कंपनीला विचारायचे आहे. माझ्या जुन्या बिलबुकांवर तो पत्ता छापलेला आहे. बिल फाडताना मी तो पेनाने खोडतो आणि वर नवा लिहितो, आणि हल्ली हेड पोत्यातून काढण्याआधी कार्ड मागतो.