परसबागेसाठी हातकोळपे निवडताना आलेला अनुभव

गेल्या वर्षी आर्द्रा नक्षत्राचा पाऊस बरा झाला आणि अमळनेर तालुक्यातील आमच्या घरामागच्या दीड गुंठ्याच्या परसबागेत वांगी-मिरचीच्या रोपांनी मूळ धरण्याआधी तणानेच जागा धरली. तोपर्यंत निंदणी मी उकिडवे बसून, साध्या खुरप्याने करीत असे. परंतु निवृत्तीनंतर गुडघे कुरकुर करू लागल्यामुळे उभ्याने ओढता येईल असे लांब दांड्याचे हातकोळपे घ्यावे, असे मी ठरवले.

पहिले कोळपे शहरातील एका दुकानातून आणले. हिरवा रंग, गुळगुळीत दांडा आणि नऊ इंच रुंद पाते एवढे पाहून मी ते पसंत केले, कारण पाते जितके रुंद तितके काम लवकर उरकेल, असा माझा सरळ हिशेब होता. तो पहिल्याच दिवशी चुकला. आमची जमीन काळी, कपाशीची. ओल जरा जास्त असली की ती रंगवलेल्या पात्याला अशी चिकटते की चार ओढींनंतर पात्याऐवजी चिखलाचा गोळाच ओढत बसावे लागते, आणि उघडीप पडून ती आवळली की तेच पाते वरच्यावर घसरते. आठवड्याच्या आत पाते एका दगडाला अडले आणि त्याचा कोपरा वाकला. दुकानदाराने वापरलेली वस्तू परत घेण्यास नकार दिला, ते एका अर्थी बरोबरच होते; पण पोलाद म्हणून विकलेला तो नुसता पत्रा होता, हे त्यालाही ठाऊक असणार.

आमच्याकडे निंदणीला येणाऱ्या मावशींनी ते हातात घेऊन उलटेपालटे केले आणि म्हणाल्या, “गुरुजी, हे कोळपं नव्हे, उलथनं आहे.” त्यांचे स्वतःचे खुरपे झिजून जेमतेम दोन बोटे उरले होते, तरी त्याची धार अंगठ्याला जाणवत होती. गाडीच्या पाट्याचे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्टीचे, पोलाद घेऊन लोहाराकडून घडवून घ्या, असे त्यांनीच सुचवले.

आठवडे बाजारात बसणाऱ्या लोहाराने आधी पोलादाला हातच लावला नाही. मला काठी धरून, निंदणी करताना उभा राहीन तसे उभे राहायला सांगितले, काठीचा जमिनीशी होणारा कल पाहिला आणि दोन ओळींत अंतर किती ते विचारले. वांगी अडीच फुटांवर आणि मिरची दोन फुटांवर असल्याचे कळल्यावर त्याने पाच इंचांचे पाते ठरवले. त्याचे म्हणणे असे की, पाठ न वाकवता उभे राहिल्यावर पाते जमिनीला जवळजवळ सपाट टेकले पाहिजे. पातेच उभे राहिले तर ते माती उकरते, तण कापत नाही.

घडवून झाल्यावर त्याने पात्याला पाणी दिले, म्हणजे तापवून-बुडवून धार कडक केली, ते मी मुद्दाम जवळ बसून पाहिले. लाल झालेल्या पात्याची फक्त धारेकडची दोन बोटे पाण्यात बुडवून त्याने ते बाहेर काढले, विटेवर घासून चकचकीत केले आणि मागच्या उष्णतेने पिवळसर छटा धारेपर्यंत सरकत येताच पुन्हा बुडवले. पाणी जास्त बसले तर धार दगडावर तुटते, कमी बसले तर माझ्या हिरव्या पात्यासारखी वाकते. परीक्षा म्हणून त्याने कानस फिरवून दाखवली: ती काचेवरून निसटल्यासारखी सरकू नये आणि लोण्यात शिरल्यासारखी रुतूही नये. गंजू नये म्हणून रंग लावून द्या, असे मी म्हणालो, तर तो हसून म्हणाला, “रंग काय देखतस भाऊ, धार देखा.” सगळे मिळून 350 रुपये झाले.

दांडा बांबूचा, माझ्या हनुवटीपर्यंत येईल एवढा घेतला. लोखंडी नळीत बसणाऱ्या टोकाजवळ पेराची गाठ असली की तो चिरत नाही. ओल्या बाभळीचा दांडा स्वस्त पडला असता, पण आमच्या उन्हाळ्यात तो आटून महिन्याभरात खिळखिळा होतो आणि पाचरी ठोकण्यातच वेळ जातो.

आता मी वाफसा आल्याशिवाय कोळपे बाहेर काढत नाही. मुठीत दाबलेली माती बोटाच्या टोच्याने भुगा झाली की काम सुरू करावे. तेव्हा तण दोन-चार पानांचे असेल तर पाते मातीखाली अर्धा इंच ओढले तरी पुरते आणि सकाळी कापलेले दुपारपर्यंत सुकून जाते. केना मात्र वेचून बाहेर टाकावा लागतो, कारण ओलीत पडलेल्या त्याच्या कांड्या पुन्हा मुळे धरतात. कानस मी पात्याच्या वरच्याच बाजूने लावतो, म्हणजे खालची बाजू सपाट राहून पाते एकाच खोलीवर चालते.

फोकून, म्हणजे ओळी न धरता बी विखरून, पेरलेल्या मेथीच्या वाफ्यात मात्र कोळप्याचा उपयोग नाही. मोरीच्या पाण्यावर वाढलेल्या लव्हाळ्यालाही ते पुरे पडत नाही, कारण वरून कापल्यास त्याच्या जमिनीतल्या गाठी पुन्हा फुटतात. त्यासाठी मी अजूनही पाट घेऊन बसतो आणि मावशींनी निवडून दिलेल्या टोकदार खुरप्याने एकेक गाठ उकरून पत्र्याच्या डब्यात टाकतो.