आमची वाटचाल : न पेटणारी पेटी

माझा भागीदार आधी आतषबाजीच्या कार्यक्रमांत वात पेटवायचं काम करायचा. गोळा ज्यातून उडतो त्या नळ्याच्या बाजूला उभं राहायचं, हात लांब करून बत्ती लावायची आणि मागे सरायचं. गोळ्याची वात उघड्यावर सावकाश जळते, पण कागदी नळीत शिरली की क्षणात गोळ्यापर्यंत पोचते. मागे सरायला किती वेळ मिळणार, ते उघड्या टोकाच्या लांबीवर ठरतं. तीन इंची गोळा साधारण तीनशे फुटांवर जाऊन फुटतो. तो नळ्यातच फुटला तर जवळच्या माणसाचं काय होईल, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. त्याच्या उजव्या मनगटावर भाजल्याची खूण आहे. मी तेव्हा इलेक्ट्रॉनिक्सची दुरुस्ती करायचो. एका रात्री काम आटोपून तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "माणूस लांब उभा राहील असं काहीतरी बनव." आमची कंपनी त्या वाक्यातून सुरू झाली.

दुरून गोळे उडवणारी आमची पहिली पेटी अगदी साधी होती. बारा व्होल्टची बॅटरी, बटणांची रांग आणि लांब वायरी. तिने गोळे उडायचे, पण बटणावर चुकून कोपर टेकलं तरीही उडालेच असते. म्हणून पुढच्या पेटीत मायक्रोकंट्रोलर (प्रोग्रॅमवर चालणारी चिप) आणला, प्रत्येक चॅनलला, म्हणजे एकेका नळ्याच्या लाइनला, मॉसफेट हा इलेक्ट्रॉनिक स्विच लावला. विजेने वात पेटवणाऱ्या इग्नायटरच्या जागी छोटे बल्ब जोडले, कारण टेबलावर खरा इग्नायटर आणायचा नाही हे आम्ही पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. तो नियम आजही तसाच आहे.

बॅटरी जोडली आणि सात नंबरचा बल्ब लुकलुकला. पापणी लवते ना लवते तेवढंच. कुणी बटणाला हात लावलेला नव्हता. मी पुन्हा जोडून पाहिली. चौथ्या खेपेला परत लुकलुकला.

कारण सापडायला दोन दिवस गेले. मायक्रोकंट्रोलर जागा होत असताना त्याच्या पिनांवरचं व्होल्टेज ना वर असतं ना खाली, ते नुसतं तरंगत असतं. त्या काही क्षणांत मॉसफेटच्या गेटवर, म्हणजे त्याला चालू-बंद करणाऱ्या टोकावर, कुठून तरी जरा चार्ज आला की तो अर्धवट चालू होतो. बल्बला उजळायला वेळ लागतो, म्हणून आम्हाला फक्त लुकलुक दिसली. इग्नायटरला एक अँपिअर मिळाला की काही मिलिसेकंद पुरतात. मैदानावर बॅटरी जोडणारा माणूस त्या वेळी नळ्यांच्या मधोमध बसलेला असतो.

उपाय छोटा होता : प्रत्येक गेटला बॅटरीच्या ऋण टोकाशी बांधणारा दहा किलो-ओहमचा एक रेझिस्टर. तो बसवला, पेटी हजार वेळा चालू-बंद केली, एकदाही बल्ब हलला नाही. मी खूश होतो. भागीदाराने विचारलं, "आणि हा मॉसफेटच जळाला तर?"

"तर तो चॅनल बंद पडेल."

"बंदच पडेल, हे तू तपासलंस?"

तपासलं नव्हतं. जळालेला मॉसफेट बहुतेक वेळा आतून शॉर्ट होतो, म्हणजे तो चॅनल कायमचा चालू राहतो. त्या प्रश्नावर आमची सगळी रचना बदलली. आता चावी फिरवल्याशिवाय फायरिंगच्या लाइनपर्यंत बॅटरी पोचतच नाही. ती जोड चावीच्या स्विचमधून जाते, सॉफ्टवेअरला तिथे हात घालता येत नाही. पुढे रिले, म्हणजे विजेच्या हुकमाने उघडझाप करणारा स्विच आहे. रिलेचे काँटॅक्टही चिकटून बसू शकतात, म्हणून चावी फिरवल्यावर, रिलेला हुकूम द्यायच्या आधी पेटी स्वतः पाहते की लाइनवर व्होल्टेज नाही ना. असलं तर लाल दिवा लागतो आणि पेटी पुढे जायचं नाकारते. शिवाय चावी फिरवताना मैदानात कुणीच नसावं, हा नियम आहेच.

एवढं करूनही पहिल्या मोठ्या कार्यक्रमात तीन नळे उडालेच नाहीत. आधी तपासलं तेव्हा जोडणी ठीक असल्याचे हिरवे दिवे तिन्हींचे लागले होते. नळ्यांच्या चौकटीखाली वायर चिरडून दोन्ही तारा एकमेकींना टेकल्या होत्या. सर्किट पूर्ण होतं, फक्त इग्नायटरपर्यंत जात नव्हतं. हिरवा दिवा खोटं बोलला, आणि तो आम्हीच बसवला होता. आता दिव्याऐवजी आम्ही आकडा दाखवतो. इग्नायटरच्या आत निक्रोमची केसासारखी तार असते, तिचा रेझिस्टन्स एक ते दोन ओहम. त्यात वायरीचाही धरावा लागतो : अर्धा चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीला शंभर मीटर जायचे आणि शंभर मीटर यायचे मिळून जवळपास सात ओहम. अपेक्षेपेक्षा आकडा कमी आला तर कुठेतरी शॉर्ट, खूप जास्त आला तर तार तुटली किंवा जोड सैल.

हा आकडा मोजायला इग्नायटरमधून सोडायचा तपासणीचा करंट किती असावा, यावर मी कुणाशीही तडजोड करत नाही. नेहमीचे इग्नायटर 0.2 अँपिअरपर्यंत पेटू नयेत असे बनवलेले असतात. आम्ही तपासणीच्या वाटेत 2.4 किलो-ओहमचा रेझिस्टर घालतो. प्रोसेसर पूर्ण वेडावला तरी त्या वाटेने सुमारे पाच मिलिअँपिअरपेक्षा जास्त जाऊच शकत नाही. इथे सुरक्षितता प्रोग्रॅमवर सोडायची नाही, हे माझं ठाम मत आहे.

मग बिनतारी पेटीची मागणी आली. प्रत्येक संदेशात पेटीचा नंबर, संदेशाचा क्रमांक आणि चेकसम, म्हणजे संदेश वाटेत बिघडला का ते ओळखणारा आकडा घातला. एकदा ऐकलेला हुकूम पेटी दुसऱ्यांदा मानत नाही. संपर्क तुटला की पेटी स्वतःहून निःशस्त्र होते, म्हणजे गोळे उडवणं थांबवते. एका ग्राहकाला नेमकं उलट हवं होतं : संपर्क तुटला तरी संगीताबरोबर कार्यक्रम पुढे चालू राहावा. त्याची अडचण मला कळत होती, अर्ध्यावर थांबलेली आतषबाजी प्रेक्षकांसमोर फार वाईट दिसते. पण संपर्क तुटलेल्या पेटीला थांबवायचं कसं? मैदानात कुणी शिरलं, वाऱ्याची दिशा बदलली, एखादा नळा आडवा झाला, तर हातातलं थांबवायचं बटण निरुपयोगी असतं. आम्ही नाही म्हटलं. ती ऑर्डर गेली, आणि त्या वर्षी ती आम्हाला हवी होती.

प्रत्येक पेटीबरोबर आम्ही एकच चावी देतो. नळ्यांजवळ जाणारा माणूस ती खिशात घालून जातो आणि परत येऊन स्वतःच्या हाताने लावतो. तो मैदानात असेपर्यंत इकडे कुणी कितीही घाई केली तरी पेटीला वीज मिळत नाही. जवळजवळ प्रत्येक ग्राहक जास्तीची चावी मागतो. हरवली तर पेटी आमच्याकडे पाठवा, कुलूप बदलून देऊ, असं आम्ही सांगतो. दुसरी चावी देत नाही.