हरलो म्हणा ना, नाना

रविवार, रात्र

"आज डोक्यात सोयाबीनच फिरायलंय माय," असं म्हणून नाना बुद्धिबळाची मोहरी डब्यात भरायला लागले. झालं. डाव मी जिंकला होता आणि तो माझ्या पदरात पडलाच नाही.

हत्ती-प्याद्याचा शेवट होता. माझं प्यादं सातव्या घरात, त्याच्या पुढं माझाच राजा कोंडलेला, नानांचा राजा एक पट्टी पलीकडं. अशा वेळी आपला हत्ती चौथ्या रांगेत आणून ठेवायचा, मग राजा बाहेर काढायचा आणि शहावर शह आले की शेवटी हत्ती मधे घालायचा. पूल बांधणं म्हणतात याला. दिवाळीपासून रात्री भांडी आवरली की मी हेच पटावर मांडून बसत होते. सुधाला माहीत आहे. आज तो पूल खरोखर बांधला गेला, आणि समोरच्या माणसानं बाजारभाव सांगितला.

भाव खोटा नाही. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता आणि त्या हंगामात आडतीवर सौदे त्याच्या खालीच. लातूरच्या गंजगोलाईत कुठंही उभं राहा, हेच बोलणं. पण मागच्या वेळी झोप झाली नव्हती, त्याआधी साखर वाढली होती, पावसाळ्यात गुडघा. म्हणजे मी आजवर गुडघ्याला हरवलं, साखरेला हरवलं. नानांना कधी हरवलंच नाही.

अप्पा जिंकले की नाना काय म्हणतात, ते आठवलं. जाऊ दे.

२०२४ चा १२ डिसेंबर डोक्यातून जात नाही. सिंगापूर, जगज्जेतेपदाच्या लढतीचा चौदावा डाव, जगज्जेता डिंग लिरेन विरुद्ध आपला गुकेश. बरोबरीकडं चाललेला, आणि ५५ व्या खेळीला डिंगनं हत्ती नको त्या घरात ठेवला. जगज्जेतेपद गेलं. सबबी सांगायच्या तर त्या माणसाकडं किती होत्या! नैराश्य, उडालेली झोप, सगळं त्यानं आधीच जगाला सांगून टाकलेलं. त्या दिवशी त्यातलं एकही काढलं नाही. आदल्या दिवशी नशिबानं वाचलो होतो, शेवटी हरणं योग्यच झालं, खंत नाही, असं बोलला. गुकेशचा विजय त्यानं पूर्ण गुकेशला देऊन टाकला. मला तेवढंच हवं होतं. कप नको, टाळ्या नकोत.

माजी जगज्जेत्या कार्लसनचं उलट. २०२५ चा १ जून, नॉर्वेतलं स्टॅव्हेंजर. हातात आलेला डाव गुकेशकडून हरला आणि टेबलावर अशी बुक्की मारली की मोहरी उडाली. सगळे म्हणाले, काय हे वागणं. वागणं वाईटच. पण लगेच हात मिळवला, माफी मागितली, जाताना गुकेशची पाठही थोपटली. गुकेश नंतर म्हणाला, मीही टेबलं आपटली आहेत. मला ती बुक्की सबबीपेक्षा बरी वाटते. तिच्यात 'मी हरलो' हे स्पष्ट ऐकू येतं. नाना, पट उधळा, मला चार शब्द बोला, पण हरलो म्हणा ना!

सक्ती तरी कशी करणार? हात मिळवायची करता येते. २००८ मध्ये नेदरलँड्समधल्या वाइक आन झीच्या स्पर्धेत बल्गेरियाच्या चेपारिनोव्हनं इंग्लंडच्या निजेल शॉर्टशी हात मिळवायला नकार दिला तर पंचांनी डावच शॉर्टला देऊन टाकला होता. (अपिलात तो दुसऱ्या दिवशी खेळवला गेला, तरी शॉर्टच जिंकला.) जिभेसाठी असा नियम कोण करणार?

आणि नाना हातानं किती स्वच्छ खेळतात, हेही लिहायलाच हवं. चाल परत घेतलेली मी पाहिली नाही. एकदा उचलायचा होता उंट आणि बोटं पडली वजिरावर. मी म्हटलं, "राहू द्या नाना." "हात लागला की लागला," म्हणाले, वजीर हलवला आणि गमावला. हरलेल्या डावात घड्याळ संपायची वाट बघत समोरच्याला ताटकळत ठेवणारे मी स्पर्धेत पुष्कळ पाहिले. नाना तसं कधी करत नाहीत. राजा आडवा करतात, हात पुढं करतात. मग तोंड उघडतात.

म्हणजे हात म्हणतो ते तोंड म्हणत नाही. अण्णा गेल्यापासून नानांनी आणखी काय काय तोंडानं म्हटलेलं नाही... ते आज नको.

आज हात नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ धरला होता का? वाटलं तसं खरं. का मलाच हवं होतं म्हणून वाटलं? सुधा म्हणाली, "त्या हातालाच हो समज की." थोडं पटलंय. सगळं नाही. ते दोन शब्द मला अजूनही हवेत, पण नाना त्यांच्या वयाला ते म्हणायला शिकतील असं काही दिसत नाही, आणि त्यापायी रविवार सोडायची माझी तयारी नाही. "हरलात ना?" असं तोंडावर विचारायचंही नाही, एवढं ठरवलं.

पुढच्या वेळी काळी मोहरी माझी. नाना हल्ली सुरुवातीलाच वजिरापुढचं प्यादं दोन घरं टाकतात आणि मग उंट लवकर बाहेर काढतात. त्यावर काहीतरी नीट बसवून जायचंय.