१५३ मासे कोणी मोजले

आमच्या आजोला ईस्टर कधी आहे ते कॅलेंडरात बघावं लागायचं नाही. मालवणात रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर, आयुष्य गेलेला माणूस, पुनव अमावस्या उधाण सगळं डोक्यात, एकदा ती पुनव झाली की "आता येतलो तो आयतार आपलो" म्हणून मोकळा. मी मोठा झाल्यावर वाचलं की ३२५ साली निकिया इथल्या धर्मपरिषदेत सगळ्यांनी एकाच रविवारी हा सण करायचं ठरलं आणि पुढे हिशोब बसला तो असा, की २१ मार्चला किंवा त्यानंतर जी पौर्णिमा येते तिच्या नंतरचा पहिला रविवार. म्हणजे आजोचंच गणित. २०२४ ला होळीची पौर्णिमा झाली आणि ३१ मार्चला ईस्टर आला, यंदा २ एप्रिलला हनुमान जयंती आणि ५ ला ईस्टर.

ह्यावरून आजो अजून एक गोष्ट काढायचा. वल्हांडण हा यहुद्यांचा सण पुनवेचा, म्हणजे गुरुवारी रात्री बागेत प्रभू येशूला धरायला आले तेव्हा वर लख्ख चांदणं असणार, तरी ती माणसं कंदील आणि मशाली घेऊन आली असं बायबलात योहानाने लिहिलंय. आजो म्हणायचा, "पुनवेक बत्ती घेवन कोण जाता? जेका भ्या वाटता तो."

तर यंदा चार दिवस रजा टाकून गेलो गावाला. ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ कसा गेला विचारू नका, आमच्याकडे मटण चिकन बंद पण मासे चालतात, आता मालवणच्या माणसाला मासे खाऊन उपास म्हणजे शिक्षा की बक्षीस तुम्हीच सांगा. शनिवारी रात्रीची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, मात्र मला दरवर्षी हलवते. चर्चच्या अंगणात आग पेटवतात, तिच्यावर ती मोठी मेणबत्ती लावतात, मेणबत्तीवर यंदाचं साल कोरलेलं आणि पाच धूपाचे खडे, प्रभूच्या पाच जखमांचे. आत सगळा काळोख आणि एकाच्या मेणबत्तीवरून दुसऱ्याची लागत लागत मागच्या बाकापर्यंत उजेड येतो. गुरुवारपासून गप्प असलेल्या घंटा एकदम वाजतात. बाजूच्या म्हातारीचं मेण माझ्या हातावर पडलं तरी मी काही बोललो नाही.

पण खरं सांगू का, पुनरुत्थान, म्हणजे मेलेला प्रभू परत उठला हे, डोक्याने धरायला गेलो की मला ते धरता येत नाही. बायबलात प्रभूची कथा सांगणारी चार शुभवर्तमानं आहेत, त्या चारही शुभवर्तमानांत प्रभू उठला तो क्षण कोणी लिहिलेलाच नाही, कारण बघायला कोणी नव्हतंच. सगळे पोचले ते नंतर. मार्कमध्ये बायका कबरेपासून घाबरून पळत सुटतात, मरीया मग्दालीया तर समोर उभ्या प्रभूला माळी समजते. म्हणून माझा ईस्टर रिकाम्या कबरेपाशी होतच नाही, तो होतो योहानाच्या २१ व्या अध्यायात, समुद्रावर.

तिथे काय होतं तर प्रभूचा शिष्य पेत्र म्हणतो मी मासे धरायला चाललो. एवढं सगळं घडून गेलंय आणि हा परत होडीवर! बाकीचे म्हणतात चल आम्ही पण येतो, एकूण सात जण. रात्रभर जाळं टाकून हाताला काही नाही, आणि पहाटे किनाऱ्यावरून कोणीतरी सांगतं, उजव्या बाजूला टाका. हा चमत्कार आहे असं आम्हाला शिकवलेलं, आजोला मात्र त्यात विशेष काही वाटायचं नाही, तो म्हणायचा होडीतल्या माणसाला पाण्याचा रंग कळत नाही, किनाऱ्यावर उभा असतो त्याला कळतो, रापणीला पण असंच ओरडून सांगतात. त्याचं आश्चर्य दुसऱ्याच गोष्टीचं होतं. पेत्र उघडा होता, प्रभू आहे म्हटल्यावर त्याने अंगरखा चढवला आणि मग पाण्यात उडी मारली. पाण्यात जाताना कपडे काढतात, हा घालतो! आजो हे सांगताना दरवेळी हसायचा.

आणि जाळ्यात आलेले ते १५३ मासे. संत ऑगस्टीनने ह्याचं गणित मांडलंय, १ पासून १७ पर्यंतची बेरीज १५३ होते, आणि १७ म्हणजे दहा आज्ञा अधिक पवित्र आत्म्याची सात दानं. हुशारीच आहे. पण मी एकदा आजोला विचारलं की समोर मेलेला माणूस जिवंत उभा असताना मासे कोण मोजत बसलं असेल, तर तो म्हणाला, "मोजूकच होये. वाटे घालूचे आसतत मा."

बस, मला ते आजवर पुरलंय. सात जणांची जाळी, सात घरं, वाटे तर पडणारच.

ह्यात मी थोडा मुद्दाम रेंगाळतोय कारण पुढचं लिहायला जड जातंय. किनाऱ्यावर कोळशाची आग आहे, तिच्यावर मासा आणि भाकर. प्रभूला धरून नेलं त्या रात्री पेत्राने तीनदा "मी त्याला ओळखत नाही" म्हटलं ते सुद्धा कोळशाच्याच आगीपाशी, शेकत उभा असताना. आता त्याच वासात त्याला बसायचंय. "माझ्यावर प्रीती करतोस का" असं प्रभू त्याला तीनदा विचारतोच, पण आधी न्याहारी. आणि प्रभूकडे मासा असून तो म्हणतो, तुम्ही धरलेत त्यातले पण आणा.

घराच्या वाटणीवरून चार माणसांत मी माझ्या थोरल्या भावाबद्दल बोललो होतो की माझा आणि ह्याचा काही संबंध नाही. त्याला तीन वर्षं झाली. ईस्टरला एकाच चर्चमध्ये होतो, तो पुढे मी मागे, मिस्सेत एकमेकांना शांती देतात त्या वेळी वहिनीने हात जोडले, तो वळला नाही.

सोमवारी सकाळी मी समुद्रावर गेलो. रापण ओढत होते, भाऊ दोरीला होता. मी चप्पल काढली आणि मागच्या बाजूने दोरीला हात लावला, शहरातले हात, पाच मिनिटांत तळवे सोलले. बांगडा बरा आला. वाटे घालायला लागले तेव्हा मी बाजूला जाऊन उभा राहिलो. रापणीला हात लावला त्याला मासे द्यायचे ही जुनी रीत, त्यात काही नवल नाही. भावाने मोजून बांगडे माझ्या पुढ्यात वाळूत टाकले आणि म्हणाला, "पिशवी आणलंस?"

नव्हती आणली. टोपीत घेतले.

वहिनीने तळले. घराबद्दल कोणी बोललं नाही, मी पण काढलं नाही. कुडाळहून गाडी संध्याकाळची होती.