पाखड मरत का नाही? मुलुंडच्या गच्चीवर घेतलेली चाचणी

आमची भातशेती कर्जत तालुक्यात, मी राहतो मुलुंडला. लावणीला माणसं मिळेनात म्हणून दादाने पेरभात, म्हणजे लावणीऐवजी थेट बी पेरणं, सुरू केलं आणि तेव्हापासून सगळी भिस्त तणनाशकावर. दरवर्षी तेच, बिस्पायरीबॅक सोडियम. गेल्या खरिपात लव्हाळा गेला, रुंद पानांचं तण गेलं, पाखड हे गवती तण मात्र भाताच्या वर लोंब्या काढून उभं. दुकानदाराने दुसरी बाटली पुढे केली. ब्रँडखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं पेनॉक्सुलम. नाव नवं, पण काम तेच. दोन्ही औषधं तणातलं एएलएस नावाचं एकच विकर (एन्झाइम) बंद पाडतात.

"डबल मारू का?" दादाने विचारलं. मी म्हटलं, थांब, आधी खात्री करू. फवारणी तण दोन-चार पानांचं असताना झाली होती, खाचरातलं पाणी काढलं होतं, त्या दिवशी पाऊसही नव्हता. फवारा चुकला असता तर एखादा सबंध पट्टा सुटला असता. इथे वाळलेल्या रोपाला खेटून दुसरं हिरवंगार होतं. हे तण औषधाला दाद देईनासं झालंय असा मला संशय आला तो यावरूनच.

पिकलेल्या लोंब्यांचं बी आणलं. तुलनेसाठी वरकसावरचं, म्हणजे माळाकडच्या हलक्या जमिनीतलंही आणलं, तिथे कधी औषध पडलेलं नाही. ताजं बी नीट उगवत नाही, म्हणून उन्हाळ्यापर्यंत कोरडं ठेवलं. मासळीवाल्यांकडचे थर्माकोलचे खोके धुऊन त्यांत माती भरली, कबुतरांसाठी वर मच्छरदाणी. बिस्पायरीबॅकची शिफारस एकरी १०० मिली, १२० लिटर पाण्यात, म्हणजे लिटरला साधारण ०.८ मिली. मेडिकलमधल्या सिरिंजने मोजून अर्धी, पूर्ण आणि दुप्पट अशा मात्रा केल्या. एका खोक्यावर नुसतं पाणी. हातमोजे, मास्क घातले आणि सोसायटीतल्या मुलांना गच्चीवर येऊ दिलं नाही.

हे औषध सावकाश मारतं, म्हणून तीन आठवडे थांबायला हवं. वरकसावरची रोपं अर्ध्या मात्रेलाच पिवळी पडून गेली. आमच्या खाचरातली पूर्ण मात्रेला काही दिवस खुंटली आणि मग मधल्या पोग्यातून नवं हिरवं पान वर आलं. दुप्पट मात्रेतही काहींनी फुटवे धरले. ते पान पाहून पोटात गोळा आला.

औषधाने हे तण बदललेलं नाही. न मरणारी एखाद-दोन रोपं आधीपासूनच असतात, बाकीची मेली की रान त्यांना मोकळं मिळतं, आणि पाखडाचं एक रोप हजारो बिया टाकतं. पंजाब-हरियाणात नव्वदच्या दशकात गव्हातल्या गुल्ली-दंडा या तणाने आयसोप्रोट्युरॉन या तणनाशकाला असंच दाद देणं सोडलं. एकाच औषधावर वर्षानुवर्षं विसंबणं मला म्हणूनच धोक्याचं वाटतं, ते कितीही स्वस्त पडो.

गच्चीवरची चाचणी म्हणजे प्रयोगशाळेचा दाखला नव्हे. बी कर्जतच्या भात संशोधन केंद्रात दाखवायचं आहे. यंदा पेरभात बंद. पहिल्या पावसावर तण उगवू द्यायचं, चिखलणीत गाडायचं, लावणी करायची आणि रोपं रुजली की पाच सेंटीमीटर पाणी ठेवायचं. गरज पडलीच तर सायहॅलोफॉप, कारण ते वेगळ्या विकरावर चालतं, पण तेही दरवर्षी नाही. उरलेलं पाखड बी झडण्याआधी उपटून बांधाबाहेर न्यायचं काम दादाने अंगावर घेतलंय, शनिवार-रविवारी मीही जातो.