चौलचं घावन आणि मुंबईचा रविवार : आमची वाटचाल

मुंबईत शनिवार-रविवारी ब्रंच लावणाऱ्या रेस्टॉरंटांत अंड्यांच्या आणि वॉफलच्या काउंटरशेजारी बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, तवा मांडून घावन घालणाऱ्या बायका दिसल्या, तर त्यांतल्या काही आमच्या आहेत. काम चालतं अलिबाग तालुक्यातल्या चौलमधून. मालकी दोघींची, म्हणजे मी आणि आमच्या थोरल्या जाऊबाई, ज्यांना सगळं घर माई म्हणतं. माईंचं माहेर कुडाळकडचं. घावनाचा हात तिकडून आला, हिशेब आणि बोलणी माझ्याकडे. लोक केटरिंगवाले म्हणतात ते आम्हाला मान्य नाही. केटरर भांडी भरून आणतो आणि झाकणं उघडतो. आमच्याकडे गिऱ्हाईक समोर उभं असताना पदार्थ जन्माला येतो.

सुरुवात घरच्या पाहुण्यांपासून झाली. आमच्या वाडीतल्या दोन खोल्या पर्यटकांना देत होतो. 2014 च्या हिवाळ्यात लोअर परळच्या एका रेस्टॉरंटचे शेफ सहकुटुंब उतरले होते. सकाळी माईंनी घावन, काळ्या वाटाण्याची आमटी आणि मुलांसाठी गूळ-वेलचीचा नारळाचा रस असं वाढलं. शेफ ताट घेऊन थेट चुलीपाशी येऊन बसले आणि म्हणाले, "काकू, हे आमच्या रविवारच्या ब्रंचला येऊन कराल?" माईंनी एकच विचारलं, "तवा माझा चालेल ना?"

तो तवा चालला नाही, आणि आमच्या धंद्याची खरी शाळा तिथेच भरली. रेस्टॉरंटच्या हॉलमध्ये गॅसचं सिलिंडर आणू देत नाहीत, इंडक्शन देतात. माईंचा जुना तवा मध्ये खोलगट आणि बुडाला गोल. इंडक्शनवर तो डुगडुगायचा, मधेच तापायचा आणि कडा थंड राहायच्या. तिथल्या किचनवाल्यांनी नॉनस्टिक पुढे केला. नॉनस्टिकवर घावन पसरतं, पण जाळी पडत नाही. बीड उष्णता धरून ठेवतं म्हणून पीठ पडताक्षणी फुटतं आणि भोकं उघडी राहतात. शेवटी कोल्हापूरच्या एका फाउंड्रीतून सपाट बुडाचे, जाड बिडाचे तवे ओतून घेतले. नवा तवा आणला की आधी पेजेत बुडवून ठेवायचा, मग खोबरेल लावून तापवायचा, अर्ध्या कांद्याने घासायचा, पुन्हा तेल. कांदा काळा निघायचा थांबला की तवा कामाला आला. काचेच्या इंडक्शनवर हा तवा कधी ओढायचा नाही, उचलूनच ठेवायचा. नवीन मुलीला आम्ही पहिल्या दिवशी हेच शिकवतो, घावन नंतर.

पिठाचंही तसंच. तांदूळ जुना आणि जाडा हवा. नवा तांदूळ चिकट होतो आणि तवा सोडत नाही. वाटलेलं पीठ बोटीच्या उन्हात आंबूस होतं, म्हणून आम्ही रात्री चौलला तांदूळ भिजवतो, पहाटे रोवळीत निथळून बर्फावर ठेवतो आणि मुंबईत पोचल्यावर त्यांच्या किचनमध्ये वाटतो. पीठ ताकासारखं पातळ, मीठ चवीपुरतं, आणि प्रत्येक घावनाआधी तळापासून ढवळायचं, कारण तांदूळ खाली बसतो. ढवळायला विसरलं की पहिली चार पाणचट आणि शेवटची चार जाड निघतात. वरून झाकण, एकच बाजू. उलटलेलं घावन आमच्या काउंटरवर कोणाला मिळणार नाही.

तेव्हा मांडव्याहून गेटवेला बोटीने जायचो आणि पावसाळ्यात बोटी बंद झाल्या की वडखळमार्गे रस्त्याने. वडखळच्या नाक्यावर ज्यांनी रविवारची सकाळ वाहतूक कोंडीत काढली आहे त्यांना वेगळं काही सांगायला नको.

त्या लोअर परळच्या जागेत आम्हाला गिरगावचे काका भेटले. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. बँकेतून निवृत्त झालेले, नातीला घेऊन यायचे. नात वॉफलच्या रांगेत, काका आमच्यापुढे. एक घावन घ्यायचे, तिथेच उभ्याने पांढऱ्या कांद्याच्या कोशिंबिरीबरोबर खायचे आणि मग दुसरं मागायचे. ताटलीत दोन एकावर एक कधी ठेवू दिली नाहीत, वाफेने खालचं ओलं होतं म्हणून. एकदा माई तापाने आल्या नव्हत्या, तर पहिला घास घेऊनच म्हणाले, "आज वहिनी नाहीत वाटतं?" सुकटीची चटणी आम्ही काउंटरवर आणावी हा आग्रह त्यांचाच. मॅनेजरला वास नको होता. काकांनी चार टेबलांवर जाऊन लोकांना चव दाखवली आणि पुढच्या आठवड्यात चटणी मेनूकार्डावर आली.

पुढची काही वर्षं बरी गेली. काउंटर वाढले, मुली वाढल्या.

मग ते गिऱ्हाईक आलं. नाव घेत नाही, पण मुंबईच्या खाद्यधंद्यात असणारे ओळखतील. तीन ठिकाणी रेस्टॉरंटं, तिन्हीकडे रविवारचा ब्रंच, डोई तीन हजारांच्या वर दर आणि दोन आठवडे आधी बुकिंग. आमच्याशी करार झाला शिफ्टवर, बिल महिन्याचं, पैसे तीस दिवसांत. पहिले दोन महिने चोख. नंतर "अकाउंट्सवाले रजेवर आहेत", मग "सिस्टीम बदलतोय", मग फोन उचलणं बंद. काम मात्र सुरूच, कारण दर रविवारी त्यांचा माणूस सांगायचा, या आठवड्यात नक्की. 2019 ची दिवाळी आली तेव्हा साडेचार लाख अडकले होते. साडेचार लाखांना मोठ्या हॉटेलात एखादं झुंबरही येत नसेल. आमच्याकडे त्यात आठ बायकांचे पगार, तांदूळवाल्याची उधारी आणि कोळणींचे पैसे होते. कोळणी रोखीने माल देतात, त्यांना सिस्टीम बदलतेय असं सांगता येत नाही. माईंनी पाटल्या मोडल्या. मुलींचा पगार एकाही महिन्याला चुकला नाही, हे मी इथे मुद्दाम लिहिते आहे.

त्याहून झोंबलं ते पुढे. डिसेंबरात आम्हाला न कळवता आमच्या जागी त्यांनी तयार पिठाचा, नॉनस्टिकचा काउंटर लावला. आमच्याच हाताखाली वर्षभर शिकलेल्या एका माणसाला धरून. भिंतीवरच्या फोटोत मात्र माई आणि माईंचा तवा. जाहिरातीतही तोच फोटो. रविवारी दुपारी तिथे बसून लोक ज्या घावनाचं कौतुक करत होते ते आमचं नव्हतं, आणि फोटो आमचा होता. तो फोटो उतरवायला त्यांना मार्चपर्यंत वेळ मिळाला नाही, आणि मार्चमध्ये सगळंच बंद झालं.

टाळेबंदीत ब्रंच गेला. 3 जूनला निसर्ग वादळ आलं आणि आमच्या वाडीतल्या पोफळी आणि नारळ आडवे झाले. वीज कित्येक दिवस नव्हती. माई अंगणात पडलेले नारळ गोळा करत होत्या तेव्हा गिरगावच्या काकांचा फोन आला. बिल्डिंगमधल्या घरांना भिजवलेला तांदूळ, ओल्या नारळाचा रस आणि चटणी पाठवाल का, पैसे आगाऊ देतो. मांडवा ते भाऊचा धक्का ही गाड्याही नेणारी रो-रो बोट त्याच मार्चमध्ये सुरू होऊन लगेच थांबली होती. गणपतीच्या तोंडावर ती पुन्हा चालू झाली आणि आमचा टेम्पो बोटीच्या पोटात बसून मुंबईला जाऊ लागला. आधी एक बिल्डिंग, मग शेजारच्या. लोक घरच्या तव्यावर घावन घालू लागले आणि माई फोनवर सांगायच्या, "ताई, तवा अजून तापू दे. पाणी शिंपडा, चर्र झालं पाहिजे." 5 ऑक्टोबरला रेस्टॉरंटं अर्ध्या क्षमतेने उघडली, तोवर आम्ही तगून होतो ते या बिल्डिंगांवर.

थकलेल्या पैशांसाठी समाधान या सरकारी पोर्टलवर तक्रार केली. उद्योग आधार, म्हणजे लहान उद्योगांची तेव्हाची सरकारी नोंदणी, आमच्याकडे आधीपासून होतं म्हणून ती दाखल झाली. मुद्दल दोन हप्त्यांत मिळालं, तेही रेस्टॉरंटच्या वकिलाने तडजोडीचा कागद पुढे केल्यावर. व्याज आजतागायत मिळालेलं नाही. 2006 च्या कायद्याने लहान उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि नसेल तर 15 दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ. कोकणातून मुंबईला माल किंवा माणसं पाठवणाऱ्या प्रत्येकाने हे तोंडपाठ करावं. उद्योग आधारच्या जागी आता असलेली उद्यम नोंदणी धंदा सुरू करतानाच करा, मागच्या बिलांना नंतरची नोंदणी कामी येईलच असं नाही. 1 एप्रिल 2024 पासून प्राप्तिकराच्या नियमातही बदल झाला आहे. मुदतीत पैसे दिले नाहीत तर माल घेणाऱ्याला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच वजा दाखवता येतो. तेव्हापासून मोठ्या गिऱ्हाइकांचे सीए स्वतःहून आमचा उद्यम क्रमांक मागतात.

ब्रंचला जाणाऱ्यांनाही थोडं सांगते, कारण काउंटरमागून आम्ही जे पाहतो ते टेबलावरून दिसत नाही. दार उघडतं तेव्हाच पोचा. एक ते दोनच्या मध्ये सगळे गरम काउंटर एकदम भरतात आणि घाईत तवा नीट तापत नाही. आधी ताटली न घेता एक फेरी मारा. पावाच्या टोपल्या आणि थंड सॅलड शेवटपर्यंत तशीच राहतात, ती नंतर घ्या. जे समोर बनतंय ते आधी, एकेक, उभ्याने खाल्लं तरी चालेल. आणि बनवणाऱ्या बाईला विचारा, कुठून आलात. त्या सांगतील.

सध्या आमचे पाच काउंटर आहेत, सगळे आगाऊ निम्मे पैसे घेऊन. पावसाळ्यात रो-रो चुकली तर आता पेणवरून अटल सेतूने जाता येतं. माईंचे गुडघे दुखतात, त्या महिन्यातून एकच रविवार येतात, तो गिरगावच्या काकांना आधी कळवून. नव्या वर्षासाठी कोल्हापूरला आणखी दोन तवे सांगितले आहेत. एक जरा रुंद, काकांच्या नातीच्या लग्नासाठी. तिला वॉफल नको, घावनाचा काउंटर हवा आहे.